कारागृहात बहीण गप्प झाली आहे, तिला मनाचा डॉक्टर कसा मिळेल?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. तुमची 34 वर्षांची बहीण नवऱ्याच्या खुनाच्या आरोपाखाली 11 महिन्यांपासून जिल्हा कारागृहात आहे, खटला अजून सुरू व्हायचा आहे. तिची मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, दोघंही तुमच्याकडे. सुरुवातीला ती मुलाखतीला, म्हणजे तुम्हाला भेटायला, आली की रडायची, जामिनाचं विचारायची. गेले तीन महिने रडत नाही, काही विचारत नाही, ‘बरी आहे’ एवढंच म्हणते. केस विंचरलेले नसतात, गळ्याची हाडं दिसायला लागलीत. महिला विभागातल्या शिपाई मॅडम म्हणाल्या, ‘तिचा काहीच त्रास नाही, एकदम शांत बाई आहे.’ तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: तिला मनाचा डॉक्टर मिळेल का, आणि त्यासाठी अर्ज केला तर केस बिघडेल का.

मिळेल. तो तिचा कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि उपचार घेतल्याने केस बिघडत नाही. हे कसं ते पुढे लिहिते. त्याआधी त्या ‘शांत बाई’बद्दल बोलू द्या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ तीच आहे.

मी सरकारी मनोविकार पथकात समाजसेविका आहे. 19 वर्षं विदर्भात हे काम करते, त्यातली 14 वर्षं कारागृहांच्या महिला विभागांत जाते. जिल्हा कारागृहातला महिला विभाग म्हणजे बहुतेक ठिकाणी एक-दोन बराकी, एक अंगण, एक नळ, दहा-पंधरा बायका, कधी पाच-सहाच. पुरुषांच्या बाजूला शेकड्यांनी माणसं, त्यामुळे डॉक्टरांची फेरी, समुपदेशन, शिबिरं, सगळं आधी तिकडे. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशभर 5,73,220 बंदी होते आणि त्यात बायका 23,772, म्हणजे शंभरात चार. संख्या थोडी म्हणून सोयी थोड्या, आणि सोयी थोड्या म्हणून पाहणारी नजरही थोडी. अशा ठिकाणी जी बाई आरडाओरडा करते, डोकं आपटते, तिच्यासाठी डॉक्टर बोलावला जातो. जी कोपऱ्यात बसून राहते, दिलेलं खाते किंवा शेजारणीला देऊन टाकते, गिनतीला वेळेवर उभी राहते, तिचं नाव कुणाच्या यादीत येत नाही. तिचा त्रास नसतो ना कुणाला.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. कारागृहांत जायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका ठिकाणी अशीच एक शेतमजूर बाई होती. मी दर पंधरवड्याला जायचे. ती हात जोडून बसायची आणि विचारलं की म्हणायची, ‘मले काई नाई झालं जी.’ मी वहीत लिहिलं, ‘सहकार्य करते, तक्रार नाही.’ तीन भेटी सलग हेच लिहिलं. चौथ्या भेटीआधी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली. नंतर ती बोलायला लागली तेव्हा कळलं की दोन महिने तिला रात्री दोन-अडीच तासांपलीकडे झोप नव्हती, आणि त्याच काळात आपल्या लुगड्याची घडी, डबी, कंगवा तिनं एकेकीला वाटून टाकलं होतं. बराकीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. मी कुणालाच विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझी पद्धत बदलली. आत गेले की आधी विचारते, ‘सगळ्यात कमी कोण बोलतं इथं?’ आणि तिच्यापासून सुरुवात करते.

म्हणून तुमची नजर फार मोलाची आहे. ती आधी कशी होती हे आतल्या कुणालाही ठाऊक नाही. तुम्हाला ठाऊक आहे. रडणारी बाई रडायची थांबली की सगळ्यांना वाटतं, रुळली बिचारी. कधी तसंही असतं. पण रुळलेली बाई पोराबाळांचं विचारते, शेतात काय पेरलं ते विचारते, पुढच्या वेळी साबण आण, तेल आण सांगते. तुमच्या बहिणीनं मागणंच सोडलं आहे. मागणं थांबणं, वजन उतरणं, केस-कपड्यांकडे लक्ष नसणं, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकणं, याला आम्ही नैराश्याचा आजार समजून तपासतो. आजार हा शब्द मी मुद्दाम वापरते. तो तिच्या मनाचा कमजोरपणा नाही आणि ‘केलं ते भोगते’ हेही नाही.

आपल्याकडच्या बायका ‘उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतात. त्या म्हणतात, जीव घाबरते, हातपाय गळून जातात, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होते, पोटात गोळा उठते, डोकं भणभणते. कारागृहाच्या दवाखान्यात यावर अंगदुखीची गोळी, आम्लपित्ताची गोळी मिळते आणि बाई परत बराकीत. त्यामुळे पुढच्या मुलाखतीत ‘टेन्शन आहे का’ असं विचारू नका. जाळीपलीकडून पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यात नेमकं विचारा. रात्री किती वाजता डोळा लागतो, किती वाजता उघडतो? पहाटे तीनला उठून बसते का? काल काय खाल्लं? पाळी येते का, किती दिवस जाते? कोणाशी बोलतेस? आणि हेही विचारा, भाऊ, घाबरू नका: ‘जगू नये असं वाटते का? तसं काही मनात येते का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर तो सांगायला वाट मिळते, मी हे शेकडो वेळा पाहिलं आहे. उत्तर हो आलं, किंवा ती नुसती खाली पाहत राहिली, तर घरी परतायच्या आधी त्याच दिवशी गेटवर तुरुंगाधिकाऱ्यांना भेटून तोंडी आणि लेखी सांगा. सांगताना एवढंही सांगा की तिला एकटं ठेवू नका, एखाद्या समजूतदार बाईच्या शेजारी झोपवा. काळजीपोटी वेगळ्या खोलीत ठेवण्याचा प्रकार होतो, त्यानं माणूस जास्त बुडतो. आपल्या देशात 2022 मध्ये कारागृहांत जे 159 अनैसर्गिक मृत्यू नोंदले गेले त्यातले 119 आत्महत्या होते, म्हणून ही गोष्ट कुणीही हलक्यात घेऊ नये. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 115 म्हणतं की जीव द्यायचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला काळजी-उपचार द्यायचे. तेव्हा खरं सांगितलं तर आणखी एक गुन्हा लागेल, ही भीती तिच्या मनातून काढा.

एक खूण मात्र तातडीची. डोळे उघडे आहेत पण उत्तर नाही, बसवलं तिथेच बसून राहते, घास तोंडात धरून ठेवते, पाणीसुद्धा गिळत नाही, असं कुणी सांगितलं तर अर्जाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय.

आता कागद. साध्या कागदावर कारागृह अधीक्षकांच्या नावे मराठीत अर्ज लिहा. कायद्याची भाषा लागत नाही, पण मजकूर नेमका हवा: बहिणीचं नाव, बंदी क्रमांक, कधीपासून आत आहे, आधी कशी होती, कोणत्या महिन्यापासून काय बदललं, तुम्ही कोणत्या तारखेच्या मुलाखतीत काय पाहिलं. ‘मानसिक त्रास आहे’ एवढं लिहिलं तर तो कागद फायलीत जातो. ‘5 तारखेला भेटलो तेव्हा मुलाचं नाव घेतलं तरी मान वर केली नाही, दंड आधीच्या निम्मे झाले’ असं लिहिलं तर डॉक्टरला हातात धरायला काही मिळतं. शेवटी मागणी: मनोविकारतज्ज्ञांकडून तपासणी व्हावी. चार प्रती करा. एक अधीक्षकांना द्या, दुसरीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तिसरी प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या. ते न्यायाधीश असतात आणि त्यांचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. चौथी जिल्हा शल्यचिकित्सकांना, म्हणजे जिल्हा रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांना. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक त्यांच्याच हाताखाली असतं. पथकाची कारागृहात ठरलेली फेरी असेल तर तिचं नाव त्या फेरीच्या यादीत लागलं पाहिजे, एवढंच तुम्हाला साधायचं आहे.

हे दया म्हणून मागायचं नाही. 29 मे 2018 पासून लागू झालेल्या त्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 18 नुसार सरकारी खर्चाच्या मानसिक उपचारावर प्रत्येकाचा हक्क आहे, आणि कलम 103 तर खास कारागृहातल्या रुग्णांसाठीच आहे. कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला अहवाल पाठवायचा असतो. कुणी बाहेरून लेखी विचारलं आहे हे फायलीत दिसलं की त्या अहवालाकडे गांभीर्यानं पाहिलं जातं, हा माझा अनुभव आहे.

प्रत्यक्षात गाडं अडतं ते पोलीस गार्डपाशी. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, रुग्णालयात मंगळवारी मनोविकार विभाग असतो, आणि मंगळवारी गार्ड मिळत नाही. बाईला न्यायचं तर महिला पोलीस लागते, ती बंदोबस्ताला गेलेली. पोळा, गणपती, निवडणूक, अधिवेशन, काहीही असलं की तारीख पुढे. दोन महिने असे जाताना मी पाहिले आहेत. यावर दोन उपाय आहेत. एक, वकिलामार्फत न्यायालयातच अर्ज करून तपासणीचा आदेश घ्यायचा. न्यायालयाचा आदेश असला की गार्डची व्यवस्था होते. दुसरा, डॉक्टरांनीच आत येणं किंवा व्हिडिओवरून तपासणं. पहिली तपासणी समोरासमोरच व्हावी असं माझं ठाम मत आहे, कारण पडद्यावर बाईचे पाय दिसत नाहीत, ती कशी चालत आली ते दिसत नाही, आणि मागे शिपाई उभी असली की ती बोलत नाही. औषध सुरू झाल्यावरच्या तपासण्या व्हिडिओवर झाल्या तरी चालतं.

तुमच्याकडे खासगी वकील आहे की नाही ते लिहिलं नाही. नसेल तर कर्ज काढू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 प्रमाणे स्त्रीला, आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालय, म्हणजे आरोपींसाठीच्या मोफत वकिलांचं कार्यालय, असेल तिथे जा. एरवी मी कायद्यात फार शिरत नाही, पण ज्या बाईला आपला वकील कोण हे ठाऊक नाही, पुढची तारीख ठाऊक नाही, तिच्या नैराश्यावर नुसती गोळी पुरत नाही. अनेकींची झोप तारीख कळल्यावर सुधारलेली मी पाहिली आहे. दर मुलाखतीत तिला तारीख सांगा, कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून द्यायची परवानगी मागा.

आता केस बिघडण्याची भीती. यात दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात. घटना घडली त्या वेळी तिचं मन ठिकाणावर होतं का, हा प्रश्न भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चा. खटला समजण्याच्या आणि स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत ती आज आहे का, हा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367-368 चा. आज झोप नाही, भूक नाही, म्हणून उपचार घेणं हे या दोन्हींहून निराळं. त्यातून ‘ती वेडी आहे’ असं ठरत नाही आणि ‘तिनं गुन्हा केला’ असंही ठरत नाही. उपचाराच्या नोंदी गोपनीय ठेवणं मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 प्रमाणे बंधनकारक आहे. मी स्वतः आत बसते तेव्हा गुन्ह्याच्या रात्रीचं काहीही विचारत नाही. ती सांगायला लागली तर ऐकते, पण वहीत लिहिते ती तिची झोप, भूक, भीती. तुम्हीही मुलाखतीत त्या रात्रीचा विषय काढू नका, तो वकिलाचा. उलट जामिनाच्या अर्जात आजारपणाचे खरे कागद उपयोगी पडतात, कारण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये स्त्री असणं आणि आजारी असणं या दोन्हींचा न्यायालय विचार करू शकतं. फक्त जामिनासाठी आजार वाढवून सांगायच्या भानगडीत पडू नका. असं शिकवून आणलेलं डॉक्टरला पाच मिनिटांत कळतं, आणि मग खरा आजारही कुणी ऐकत नाही. एक तृतीयांश शिक्षेइतका काळ आत काढला की सुटका, असं गावात कुणी सांगितलं असेल तर तेही समजून घ्या: कलम 479 ची ती सवलत फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना लागू नाही. खोट्या आशेवर तिला ठेवू नका.

आणखी एक कागद सोपा आहे. त्याच मानसिक आरोग्य कायद्यात ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमता येतो. साध्या कागदावर, तिची सही किंवा अंगठा. तिनं तुमचं नाव दिलं तर उपचाराबद्दल डॉक्टरांनी तुमच्याशी बोलायला आधार मिळतो. पुढच्या भेटीत विचारून ठेवा.

डॉक्टर भेटल्यावर काय होतं ते सांगते, कारण गावात ‘झोपेच्या गोळ्या देऊन गुंगवून ठेवतात’ असा समज आहे. नैराश्याची मुख्य गोळी झोपेची नसते. फ्ल्युओक्सेटीन, एस्सिटालोप्राम अशा औषधांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, कधी अस्वस्थपणा वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी बायका गोळी सोडतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने घ्यावी लागते. गोळी आत रोज समोर उभं राहून देतात, ते चांगलंच. पण न्यायालयात तारखेला नेलं त्या दिवशी, किंवा दुसऱ्या कारागृहात हलवलं तर, खंड पडतो. तुम्ही चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा. अटकेआधी तिला मिरगी, थायरॉईड, रक्तदाब, कसलंही औषध सुरू असेल तर ती जुनी चिठ्ठी आजच शोधून कारागृहाच्या डॉक्टरांना द्या. अटकेच्या गडबडीत सुटलेलं औषध हे आतल्या अनेक आजारपणांचं मूळ असतं.

रक्ताची तपासणी मागा, म्हणजे हिमोग्लोबिन आणि थायरॉईड. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, विसरू नका. गडचिरोलीकडची एक मुलगी हिवाळ्यात हातापायांच्या दुखण्यानं विव्हळायची, ‘काम टाळायचं नाटक’ म्हणून तिची समजूत काढायला मला सांगितलं गेलं. रक्त तपासलं तर सिकलसेल. तिला समुपदेशन नको होतं, भरपूर पाणी, गरम पांघरूण आणि दुखण्यावरचं औषध हवं होतं. दुखणं खरं आहे हे मान्य झाल्यावर तिचं रडणं आपोआप थांबलं.

तुमच्या बहिणीच्या बाबतीत मला एक गोष्ट फार जवळून माहीत आहे, म्हणून लिहिते. नवऱ्याच्या खुनाचा आरोप असलेल्या बायका नवऱ्यासाठी रडू शकत नाहीत. आरोप खरा की खोटा ते न्यायालय पाहील. पण तो माणूस तिच्या 12-15 वर्षांच्या संसाराचा होता. मारणारा असला तरी तिच्या लेकरांचा बाप होता. तो गेला, आणि तिला मातीला जाता आलं नाही, दहावा-तेरावा पाहता आला नाही, मंगळसूत्र आत येताना गेटवर काढून घेतलं गेलं. बराकीत ती रडली तर कुणीतरी म्हणतं, ‘आता काहून रडतं?’ सासरचे तिला खुनी म्हणतात, माहेरचे त्या माणसाचं नाव घेत नाहीत. मग ती ते दुःख गिळते, आणि गिळलेलं दुःख अंगात बसतं. अशीच एक बाई मला पाच महिन्यांनी म्हणाली, ‘मॅडम, त्याच्या नावानं एक दिवा लावू देता का?’ मी तुरुंगाधिकारी मॅडमना विचारलं. आगीचं काही चालत नाही, म्हणून तिनं नळाजवळच्या तुळशीला तांब्याभर पाणी घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि अर्धा तास मोठ्यानं रडली. बाकीच्या बायका गोल करून बसल्या, कुणी गप्प कर म्हणालं नाही. त्या रात्री ती झोपली असं पहाऱ्यावरच्या शिपाई मॅडमनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. तुम्ही भाऊ आहात, तुमचा त्या माणसावर राग असेल, असणारच. तरी तिच्यासमोर एकदा त्याचं नाव घ्या. ‘त्याची आठवण येते का?’ एवढंच. ती काहीही बोलली तरी ऐकून घ्या.

संध्याकाळही लक्षात ठेवा. गिनती होऊन बराकीला कुलूप लागतं ती वेळ म्हणजे गावात चूल पेटवायची, लेकरं घरी यायची, गोठ्यात ढोरं यायची. आतल्या बायकांचा सगळा त्रास त्या वेळेला वर येतो. अंगात येणं, दातखीळ बसणं, श्वास अडकणं, हे बहुतेक कुलूप लागल्यानंतर. एकीच्या अंगात आलं की दोन-तीन जणींना होतं. नव्या शिपायांना मी सांगते, मारू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, गर्दी पांगवा, तिला कुशीवर वळवा, शांत आवाजात नाव घेऊन बोला. पहिलाच झटका असेल, जीभ चावली असेल, कपड्यात लघवी झाली असेल तर ती मिरगी असू शकते, डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आधी बोलतं करा.

बोलतं करायचं म्हणजे काय, तेही एकदा पाहिलं आहे. मी छापील कागदावरून श्वासाचे व्यायाम शिकवायला गेले होते. अर्ध्या जणी भिंतीला टेकून पेंगत होत्या. कोजागिरी दोन दिवसांवर होती. एक म्हातारी म्हणाली, ‘आमच्या गावात आता भुलाबाईचे गाणे चालू असतील.’ बघता बघता त्यांनी मातीची भुलाबाई-भुलोजी केले, ज्वारीची ताटं नव्हती म्हणून अंगणातल्या झाडाच्या फांद्यांचा मखर केला आणि गाणी सुरू झाली. शेवटी खिरापत ओळखायची. एकीनं कॅन्टीनच्या पुड्यातलं काहीतरी डब्यात टाकून वाजवलं. बाकीच्या ओरडत होत्या, शेंगदाणे, बिस्किटं, मुरमुरे. तीन आठवड्यांपासून एक शब्द न बोललेली, औषध सुरू होऊन अठरावा दिवस असलेली एक बाई कोपऱ्यातून म्हणाली, ‘फुटाणे.’ फुटाणेच होते. औषधाचा गुण होता की भुलाबाईचा, ते मी सांगू शकत नाही आणि मला दोन्ही लागतात. तेव्हापासून मी आत जाताना पंचांग पाहून जाते. पोळा, महालक्ष्म्या, भुलाबाई, अक्षय तृतीया. सणाच्या आठवड्यात माझी एक फेरी जास्त असते.

मुलांबद्दल तुम्ही संकोचून लिहिलं आहे की त्यांना ‘आई कामाला मुंबईला गेली’ असं सांगितलंय. चौथीतल्या मुलीला खरं ठाऊक आहे, भाऊ. शाळेत कुणीतरी सांगितलेलंच असतं. ती तुमच्यासाठी खोटं सांभाळते आहे. तिला जवळ बसवून साध्या शब्दांत खरं सांगा: आई कारागृहात आहे, कोर्ट ठरवणार आहे, तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही. मग दोघांना मुलाखतीला घेऊन जा. एसटीचा प्रवास लांब पडत असेल तर ई-मुलाखतीची नोंद करा, मोबाईलवर व्हिडिओनं होते. सहा वर्षांखालची मुलं आईजवळ आत राहू शकतात, 2006 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे त्याचा, पण तुमची मोठी आहेत. आई कारागृहात असलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळतात. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात चौकशी करा. पैसे मिळाले की तिला सांगा. लेकरांचं ओझं भावावर पडलं, ही टोचणी माहेरी मुलं असलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या मनात असते.

पुढे जामीन मिळाला आणि जामीनदारासाठी सातबारा कुणी देईना, तर हात टेकू नका. जामिनाच्या आदेशानंतर सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिनाभरात जामीन भरता आला नाही तर न्यायालय अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. हे सर्वोच्च न्यायालयानं 31 जानेवारी 2023 ला सांगितलं आहे. गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजनाही आहे, तिच्यातून कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी पैशांची मदत मिळते.

आणि तुमचं स्वतःचं. शेत, दोन लेकरं, कोर्टाच्या चकरा, गावातली बोलणी. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारी फोनसेवा आहे: 14416, मोफत, रात्रीबेरात्री, मराठीत बोलतात. बहिणीबद्दल विचारायला करा, नाहीतर स्वतःसाठी करा.

या आठवड्यात अर्ज द्या आणि त्याच दिवशी तिला एक पोस्टकार्ड टाका. मुलाखत वीस मिनिटांत संपते, पत्र उशाशी राहतं, रात्री पुन्हा वाचता येतं. आत येणारी पत्रं अधिकारी वाचतात, त्यामुळे केसचं काही नको. पहिलं पत्र मुलीच्या हातचं असू द्या. काय लिहायचं ते तिला सुचवू नका. शेळी व्याली असेल, तर शेळीचंच लिहू द्या.